पुरणें आणि पुरविणें

मावळांत पायीं हिंडणाऱ्या माणसाला एक अनुभव हटकून येतो. वाटेंत भेटलेल्या गुराख्याला "पुढचें गांव किती लांब?" म्हणून विचारावें, तर तो हातांतली काठी समोरच्या टेकाडाकडे करून म्हणतो, "हें काय, इथंच, टेकाडापल्याड." आपण टेकाड चढतों, उतरतों, दुसरें चढतों, दोन ओढे ओलांडतों, आणि तास दीड तासानें घामाघूम होऊन त्या गांवच्या वेशींत पाऊल टाकतों. त्या वेळीं आपण मनांतल्या मनांत गुराख्याला खोटारडा ठरवितों. पण तो बिचारा खोटें बोललेला नसतो. त्यानें अंतर स्वतःच्या पायांनीं मोजलेलें असतें. तोडावें मात्र तें आपल्या पायांनीं लागतें.

माणसांच्या बाबतींत हा न्याय आम्हांस पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होता. यंत्रांच्या बाबतींत तो कळावयास पंचाहत्तरी उलटावी लागली, आणि त्या ज्ञानाची किंमत म्हणून दोन नांवें गमवावीं लागलीं. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आमची थोरली बहीण अक्का मुळशी तालुक्यांत, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आंत, धरणाच्या कांठच्या एका वाडीवर राहते. तिला पंचाऐंशीवें वर्ष लागलें आहे. आमच्या आईचें माहेर, म्हणजे आमचें आजोळ, मुळशीच्या धरणांत गेलें. 'गेलें' हा शब्द आमच्या घरांत इतक्या वेळां उच्चारला जाई कीं, लहानपणीं आम्हांस वाटे, गांव आपण होऊनच उठून कोठें तरी गेलें असावें. १९२१ च्या रामनवमीला त्या मुलखांत सत्याग्रहास आरंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' हें नांव त्याच लढ्यानें दिलें. सुमारें तीन वर्षें तो लढा चालला आणि अखेर मोडला. १९२७ सालीं मुळा नदीचें अडविलेलें पाणी घाटाखालीं भिरा येथें उतरवून त्यावर केलेली वीज मुंबईकडे जाऊं लागली. हा झाला इतिहास, आणि तो पुस्तकांत सांपडतो. परंतु आईच्या गांवीं कोणत्या खाचराला काय म्हणत, ओढ्यावरच्या डोहाचें नांव काय, देवळामागच्या माळाला लोक कोणत्या नांवानें ओळखीत, हें कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. आईनें तें सारें सहा-सात वर्षांची असतांना पाहिलें, आणि पुढें अक्काला सांगितलें. आम्ही तेव्हां शिक्षणासाठीं पुण्यास होतों, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस त्याचें कांहीं महत्त्वहि वाटत नव्हतें. आतां तीं नांवें एका अक्काच्या स्मरणांत तेवढीं उरलीं आहेत.

गेल्या आषाढांत, तीं लिहून घ्यावयाचींच, असा निश्चय करून आम्ही एस. टी. नें तिच्याकडे गेलों. उजव्या अंगठ्याला संधिवातानें गांठल्यापासून आम्हांस लेखणी फार वेळ धरवत नाहीं. म्हणून बरोबर लॅपटॉप घेतला होता. तो अक्काच्या नातवाचा. नातू हिंजवडीस संगणकाच्या एका कंपनींत काम करतो. (हिंजवडीहि मुळशी तालुक्यांतच मोडते, एकाच तालुक्याच्या एका टोंकाला पाण्याखालीं गेलेलीं गांवें आणि दुसऱ्या टोंकाला संगणकांचें नगर, असा हा योग आहे.) त्यानें नवें यंत्र घेतलें तेव्हां जुनें आमच्या स्वाधीन केलें, आणि गेलीं दोन वर्षें तें आमच्या मेजावर, भिंतींतल्या विजेला अखंड जोडलेलें, सुखानें नांदत होतें.

सकाळीं उठलों तों वीज नव्हती. रात्रीं पावसाबरोबर वारा सुटला होता, कोठें तरी झाड तारांवर पडलें होतें, आणि अशा पावसांत तें केव्हां निघणार हें कोणालाच सांगतां येण्याजोगें नव्हतें. आमचा मोबाइल मान टाकण्याच्या बेतांत होता. लॅपटॉप मात्र पुरा भरलेला होता. आम्हीं तो उघडला, कोपऱ्यांतल्या बॅटरीच्या चित्रावर बाण नेला, आणि तेथें अक्षरें उमटलीं : शंभर टक्के, सहा तास दहा मिनिटें शिल्लक.

"अक्का," आम्ही ऐटीनें म्हणालों, "सहा तास आहेत. सावकाश सांग."

हें 'सावकाश' आम्हांस भोंवलें. अक्कानें आरंभ आजोबांच्या लग्नापासून केला, वरातींतल्या बैलांच्या झुलींचा रंग सांगितला, कोणत्या आत्याची नथ कोणत्या सुनेकडे गेली याचा सविस्तर वृत्तांत दिला. मध्यें एकदां चहा झाला. आम्हीहि रंगलों. बाहेर आभाळ काळवंडलेलें आणि माजघरांत अंधार. म्हणून पडद्याचा उजेड पुरा वाढविला. मोबाइलला थोडी धुगधुगी यावी म्हणून त्याची तार लॅपटॉपला जोडली. अक्काला दाखवावा म्हणून धरणापूर्वींच्या मुलखाचा एक नकाशा उघडला; तो इतका अवजड निघाला कीं, यंत्राच्या पोटांतला पंखा घोंघावूं लागला. या साऱ्या वेळांत सहा तास दहा मिनिटें हा आंकडा आमच्या मनांत दगडावरच्या रेघेसारखा होता. दीड तासानें पुन्हां कोपऱ्याकडे पाहिलें. साध्या वजाबाकीनें साडेचार तासांहून अधिक उरावयास हवे होते. तेथें होतें : एक तास पांच मिनिटें.

आम्हीं घाईघाईनें नकाशा मिटला, मोबाइलची तार काढली, उजेड कमी केला. थोड्या वेळानें पाहतों तों आंकडा वाढून दोन तासांवर गेलेला! अक्काला हें सांगितलें तेव्हां ती खुदकन हंसली. "तुझ्या या घड्याळांत वेळ उलटा वाढतो रे," ती म्हणाली, "मलाहि असलं एक आणून दे."

आम्हीहि हंसलों, पण आतां आमच्या जिवाला घोर लागला होता, आणि आम्हीं अक्काला घाई केली. "लग्नं राहूं देत, अक्का. खाचरांचीं नांवं सांग." घाई केली कीं आठवण बुजते, हें आम्हांस या वयांत तरी कळावयास हवें होतें. ती अडखळली, गप्प बसली. मग हळूहळू नांवें येऊं लागलीं : वडाखालची पट्टी, आंबेखाचर, जोत्यामागचें शेत, घोणशीचा बांध. आम्ही एका बोटानें कळा बडवीत होतों. असा तास सव्वा तास गेला. एकंदर बावीस नांवें झालीं. पडद्याच्या कोपऱ्यांत पंधरा टक्के, त्रेचाळीस मिनिटें, असें स्वच्छ लिहिलेलें होतें. आणि तें आम्ही वाचीत असतांनाच, कसलीहि सूचना न देतां, पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं वीज आली. यंत्रांत सतरा नांवें निघालीं. शेवटचीं पांच आम्हीं जतन करून ठेवलींच नव्हतीं. त्रेचाळीस मिनिटें आहेत, मग एकदमच ठेवूं, असा आमचा हिशेब होता. अक्काला तीं सतरा वाचून दाखविलीं. राहिलेल्या पांचांपैकीं तीन तिला आठवलीं. उरलेल्या दोहोंसाठीं ती बराच वेळ डोळे मिटून बसली, आणि मग म्हणाली, "काल आलीं होतीं खरीं. आतां नाहीं येत."

रविवारीं नातू हिंजवडीहून आला, तेव्हां आम्हीं त्याच्यापुढें यंत्रावर उघड फसवणुकीचा आरोप ठेवला. त्यानें तो शांतपणें ऐकून घेतला. मग म्हणाला, "आजोबा, त्यानं तुम्हांला वेळ सांगितलाच नव्हता. त्यानं एक भागाकार करून दाखवला होता."

हा भागाकार त्यानें आम्हांस समजावून दिला, आणि तो वाचकांसहि सांगावयास हरकत नाहीं. कारण आज बहुतेक घरांतून असें एखादें यंत्र असतें आणि त्याच्यावर विसंबून कोणी ना कोणी परीक्षेला, प्रवासाला किंवा कामाला निघत असतो. बॅटरींत किती ऊर्जा सांठलेली आहे तो भाज्य. दर क्षणीं ती किती खर्च होत आहे तो भाजक. आणि भागाकार आला तो 'शिल्लक वेळ'. आमची बॅटरी भरली म्हणजे तिच्यांत ३४ वॅट-तास ऊर्जा राहते. सकाळीं यंत्र नुसतें उघडून आम्ही चहाची वाट पाहत बसलों होतों, तेव्हां खर्च साडेपांच वॅटच्या आसपास होता. ३४ ला साडेपांचांनीं भागा. सहा तास दहा मिनिटें येतात. पुढें उजेड, नकाशा, पंखा आणि मोबाइल मिळून खर्च तेरा-चौदा वॅटवर गेला. दीड तासांत वीसएक वॅट-तास उडाले, चौदा उरले, आणि चौदाला साडेतेरांनीं भागल्यावर तास एकच येणार. खर्च सातांवर आणला तेव्हां त्याच चौदांचे दोन तास झाले. वेळ उलटा वाढला नव्हता. आमचा हात आखडला होता. मावळांतल्या गुराख्यानें आपल्या चालीनें अंतर सांगितलें होतें. या यंत्रानें आमच्याच त्या घटकेच्या चालीनें सांगितलें. चाल आम्हीं बदलली आणि दोष मात्र त्याला दिला.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. कारण या भागाकारांत भाज्य आणि भाजक दोन्ही अंदाजाचेच असतात. प्रथम भाजक घ्या. खर्च क्षणाक्षणाला बदलतो. मग कोणत्या क्षणाचा धरावयाचा? १९९५ सालीं ड्युरासेल आणि इंटेल या कंपन्यांनीं 'शहाण्या' बॅटरीसाठीं जी पद्धत आंखून दिली, तिच्यांत बॅटरीनें दोन निराळे आंकडे सांगावे अशी योजना होती : एक या क्षणाच्या खर्चाप्रमाणें, दुसरा गेल्या एका मिनिटाच्या सरासरीप्रमाणें. थोड्या वेळाची सरासरी घेतली तर आंकडा माकडासारख्या उड्या मारतो. फार वेळाची घेतली तर तो स्थिर राहतो, पण आपण उधळपट्टी सुरू केल्याची वार्ता त्याला फार उशिरा लागते. दोहोंतून निर्दोष असा मार्ग नाहीं. ॲपल कंपनीनें तर २०१६ च्या डिसेंबरांत आपल्या संगणकांच्या वरच्या पट्टींतून उरलेल्या वेळाचा आंकडा काढूनच टाकला, आणि टक्के तेवढे ठेवले. विकतांना सांगितलेले तासहि असेच समजावे. ते खोटे नसतात. पण ते मंद उजेडांत, एखादें चित्र संथपणें चालवून काढलेले असतात. तो कंपनीचा गुराखी आहे, आणि त्याचे पाय फार हलके आहेत.

आतां भाज्य. सांठा किती, हें तरी नक्की कळेल अशी आमची समजूत होती. ती नातवानें स्वयंपाकघरांतल्या उदाहरणानें दूर केली. गॅसचा सिलिंडर भरलेला असो वा अर्धा, शेगडीची ज्योत सारखीच जळते. ती मंदावते तेव्हां सिलिंडर संपतच आलेला असतो. म्हणून आमच्या घरांतल्या बायका तो उचलून पाहतात, किंवा ओलें फडकें फिरवून पत्रा कोठवर ओला राहतो तें पाहतात. लिथियमच्या बॅटरीचें असेंच आहे. भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट, रिकामा होतां होतां तो ३ च्या आसपास उतरतो; पण मधल्या लांबलचक पट्ट्यांत तो इतका थोडा बदलतो कीं, त्यावरून सांठा ओळखणें अवघड. म्हणून बॅटरीच्या पोटांत एक इवलासा मुनीम बसविलेला असतो. आंत किती प्रवाह आला, बाहेर किती गेला, याचा तो अहोरात्र जमाखर्च लिहितो. जमाखर्च म्हटला कीं चूक आली. ती रोज कणाकणानें सांचते. बॅटरी पुरी भरली किंवा तळाला गेली, म्हणजे मुनिमाला आपली वही ताडून पाहण्याची संधि मिळते. आमचें यंत्र दोन वर्षें भिंतीला जोडलेलें! मुनिमानें कोठीचा तळ दोन वर्षांत पाहिलेलाच नव्हता. खालचे पंधरा टक्के तो जुन्या आठवणीवर सांगत होता.

आणखी एक गोष्ट. टक्के म्हणजे कशाचे टक्के? यंत्राला विशिष्ट आज्ञा दिली म्हणजे तें बॅटरीचा सगळा इतिहास कागदावर मांडून देतें. नातवानें तो काढून दाखविला. नवी असतांना हिच्यांत ५० वॅट-तास मावत. आज पुरी भरली तरी ३४. म्हणजे सकाळचे आमचे शंभर टक्के मूळच्या मापानें अडुसष्टच होते. घागर लहान झाली तरी कांठोकांठ भरली कीं ती आपल्याला भरलेलीच म्हणवून घेणार. ही झीज प्रत्येक बॅटरीला आहे. कांहीं शें वेळां भरून रिती केली कीं ती दिसूं लागतेच, पण उष्णता आणि सदैव शंभर टक्के भरून ठेवणें यांनीं ती लवकर येते. नेमकें तेंच आम्हीं दोन वर्षें केलें होतें, आणि तेंहि तिची निगा राखतों या भावनेनें.

मग पंधरा टक्के उरलेले असतांना यंत्रानें एकाएकीं डोळे कां मिटले? घट म्हातारा झाला म्हणजे त्याच्या आंतला रोध वाढतो. शिल्लक असते, पण ती झपाट्यानें बाहेर काढतां येत नाहीं. यंत्रानें क्षणभर जोराची मागणी केली कीं दाब एकदम खालीं बसतो, आणि ठरलेल्या रेषेखालीं तो गेला कीं यंत्र स्वतःच्या रक्षणासाठीं थांबतें. "म्हणजे असं बघा," नातू दृष्टांत शोधूं लागला. आम्हीं त्याला थांबविलें. सपाटीवर अजून दोन मैल चालणारा मनुष्य एक जिना धांवत चढतां येत नाहीं म्हणून मधल्याच पायरीवर बसतो, हें आम्हांस कोणी दृष्टांतानें सांगण्याची गरज उरलेली नाहीं. तरी पण त्यानें जातां जातां सांगितलेली एक गोष्ट आम्हांस आवडली. हे लिथियमचे घट १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणले. त्यांच्या मागील संशोधनाबद्दल २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक तिघांना मिळालें. आणि त्यांपैकीं जॉन गुडइनफ हे त्या वेळीं ९७ वर्षांचे होते. घट म्हातारा होतो. घटाचा कर्ता मात्र सत्याण्णवाव्या वर्षींहि पुरून उरला.

त्या संध्याकाळीं आम्ही ओसरीवर बसलों होतों. पाऊस ओसरला होता. समोर धरणाचें पाणी चढत होतें, आणि त्याखालीं कोठें तरी आमचीं बावीस खाचरें होतीं. नातू सहज म्हणाला, "आजोबा, हीसुद्धां एक बॅटरीच आहे." आणि खरोखरच तसें आहे. पावसाळ्यांत ती भरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालवावी लागते. पाणी सुमारें पांचशे मीटर खालीं भिऱ्याला उतरतें आणि वीज देतें. तेथें १५० मेगावॅटचा एक संच असाहि आहे कीं, विजेची मागणी कमी असली म्हणजे तो खालचें पाणी पुन्हां वर चढवितो. म्हणजे बॅटरी चार्ज करावयाची, तसेंच तें. आम्हीं कागद घेऊन हिशेब केला. एक लिटर पाणी पांचशे मीटर खालीं आलें तर त्यांत सुमारें १.३६ वॅट-तास ऊर्जा असते. आमच्या लॅपटॉपचा ३४ वॅट-तासांचा सारा संसार म्हणजे या तलावांतलें पंचवीस लिटर पाणी. वाटेंतली सगळी गळती धरली तरी फार तर पस्तीस लिटर. दोन-तीन हंडे पाणी! तें आमच्या पायरीपासून हांकेच्या अंतरावर अथांग पसरलेलें होतें, आणि आदल्या दिवशीं आम्ही अंधारांत एकेक टक्का मोजीत बसलों होतों. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण ज्यानें केली तो मनुष्य मावळांतला असो वा नसो, मावळांत कधीं तरी मुक्कामाला राहिला असला पाहिजे.

तलावाचा हिशेब ठेवणाऱ्यांनाहि हाच भागाकार करावा लागतो. उन्हाळ्यांत पुण्याच्या वर्तमानपत्रांत धरणांचे टक्के रोज छापून येतात, आणि पाणी अमुक तारखेपर्यंत पुरेल, असेंहि कोणी तरी लिहितो. तेथेंहि तळाचा मृत साठा हिशेबांत धरावयाचा नसतो. तेथेंहि गाळ सांचून घागर लहान होत जाते. आणि 'पुरेल' या शब्दाच्या मागें 'आजच्याप्रमाणेंच वापर राहिला तर' हे शब्द न लिहितां लिहिलेले असतात. ते शब्द जो वाचतो त्याला आंकडा उपयोगी पडतो. जो वाचत नाहीं त्याला तो आमच्यासारखा बुडवितो.

अक्का इतका वेळ आमचें बोलणें ऐकत तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, "घागरींत किती आहे तें घागर सांगेल. किती वेळ पुरेल तें घागरीला काय ठाऊक? तें पिणारानं सांगायचं." मग थोडें थांबून म्हणाली, "आई कणगीला हात लावून कधीं म्हणाली नाहीं, कीं दसऱ्यापर्यंत पुरेल. ती म्हणायची, दसऱ्यापर्यंत पुरवायचं आहे."

आम्ही जन्मभर मराठी वाचीत आणि लिहीत आलों. पण पुरणें आणि पुरविणें या दोन क्रियापदांतलें अंतर आम्हांस त्या दिवशीं कळलें. पुरणें हें वस्तूचें काम आहे, पुरविणें हें माणसाचें. पडद्यावरचा आंकडा आपल्याला पहिल्या क्रियापदाविषयीं कांहीं तरी सांगतो, आणि आपण दुसरें विसरून बसतों. मावळांत चार महिने पाऊस कोंडून घाली. त्यापूर्वीं दाणे, सरपण, गोवऱ्या यांची बेगमी होई. आई रोज शिजवावयास तांदूळ काढी, आणि त्यांतली एक मूठ पुन्हां निराळ्या मडक्यांत टाकी. त्या मडक्याचा हिशेब ती घरांत कोणाला सांगत नसे. कणगी रिकामी झाली असें सगळ्यांना वाटे तेव्हां तें मडकें पुढें येई. बॅटरी करणारेहि शून्याच्या खालीं थोडी शिल्लक लपवून ठेवतात, असें नातवानें सांगितलें तेव्हां अक्काला मोठा संतोष झाला. "मग त्यांत कुणी तरी बाईमाणूस असणार," ती म्हणाली.

तेव्हां व्यवहारापुरतें आम्ही आतां असें करतों. लॅपटॉप उघडला कीं पहिल्या दोन मिनिटांत जो आंकडा दिसतो, त्याकडे पाहत नाहीं; जें काम करावयाचें तें सुरू करून दहा मिनिटांनीं पाहतों, कारण तोंपर्यंत त्याला आमची चाल कळलेली असते. उजेड आधीं कमी करतों. पडद्याइतका खाणारा दुसरा सोबती सहसा नसतो. यंत्र म्हातारें आहे हें ओळखून वीस टक्के म्हणजेच शून्य धरतों. महत्त्वाचें आधीं लिहितों, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर तें जतन करतों. दोन-तीन महिन्यांतून एकदां बॅटरी पुरी भरून तळापर्यंत उतरूं देतों, म्हणजे मुनिमाची वही ताळ्यावर येते. एरव्हीं मात्र तिला रात्रंदिवस भिंतीला बांधून ठेवीत नाहीं. एवढें केल्यावर आंकडा खरा होतो असें नाहीं. तो वाचावयास शिकतां येतो, इतकेंच.

हें सारें लॅपटॉपविषयीं झालें. अक्काविषयीं असा आंकडा कोणी सांगत नाहीं, आणि सांगूंहि नये. पण भागाकार तेथेंहि असतो, आणि त्यांतला भाजक बराचसा आमच्या हातीं आहे, हें आम्हांस फार उशिरा सुचलें. 'अक्का आहे, सावकाश लिहून घेऊं,' असें म्हणत आम्हीं साठ वर्षें काढलीं. त्या सकाळीं सहा तासांवर आम्ही जसे विसंबलों, तसेच.

तेव्हांपासून आम्ही दर महिन्याला वाडीवर जातों. लॅपटॉप नेत नाहीं. एक वही आणि शिसपेन्सिल नेतों. अंगठा दुखतो, म्हणून एका बैठकींत एकच पान होतें. पण घाई नसली म्हणजे अक्काला बरें आठवतें, आणि लग्नांच्या व नथींच्या हकीकतींतूनच खाचरें आपोआप वर येतात, असा अनुभव आला. वडाखालच्या पट्टीच्या बांधावर कोणाचें भांडण झालें, हें सांगतां सांगतां तिनें आणखी चार नांवें दिलीं. तीं दोन मात्र अजून आलेलीं नाहींत. वहींत त्यांच्यासाठीं दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत.

परवां निघतांना ती ओसरीपर्यंत आली. त्या दिवशीं डोहाचें नांव तिनें दोनदां सांगितलें होतें, आणि दोन्ही वेळां, हें तुला आजवर सांगितलं नव्हतं, असें म्हणाली होती. पायरीवर उभी राहून तिनें विचारलें, "आतां पुन्हां केव्हां येशील?"

"पुढच्या महिन्यांत," असें आमच्या तोंडून निघणार होतें.

आम्ही म्हणालों, "येत्या शनिवारीं."